उलट्या पिळाची टोपली

जुईनगर स्टेशनकडून सेक्टरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर धर्मराज बुरुडाचं दुकान होतं. दुकान कसलं, पुढे पत्र्याचं छप्पर, भिंतीला टेकवलेले उभे बांबू आणि मागे राहायच्या दोन खोल्या. सानपाड्यापासून नेरुळपर्यंत कुणाच्याही घरी माणूस गेलं की तिरडीचे बांबू इथूनच जात. तुळशीच्या लग्नानंतर मात्र याच छपराखाली लग्नाची सुपं आणि दुरड्या रचलेल्या असत. मरण आणि लगीन एकाच दुकानात मिळावं यात बुरुडाला काही वावगं वाटत नाही. बांबू तो बांबूच.

दुकानाच्या तोंडाशी बसायची धर्मराजची बायको, राजाबाई. तिरडीचं गिऱ्हाईक तिनंच सांभाळायचं. त्या व्यवहाराची एक रीत आहे. घेणारा भाव करत नाही, देणारा हसत नाही, आणि गिऱ्हाईक निघालं की त्याला 'या' म्हणायचं नसतं. राजाबाईला ही रीत कधी शिकवावी लागली नाही. ती मुळात कुणालाच 'या' म्हणत नसे आणि तिला हसताना पाहिल्याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना आठवत नव्हतं. दुःखात असलेल्या माणसांना वाटे, किती समजूतदार बाई आहे, दुसऱ्याचं दुःख चेहऱ्यावर कसं दिसतं. खरी गोष्ट अशी की तिला काहीच वाटत नसे. विड्यात चुना जास्त पडला की जीभ पोळते आणि मग दोन दिवस कशाचीच चव लागत नाही. राजाबाईचं तसं झालं होतं, फक्त दोन दिवसांऐवजी वीस वर्षं झाली होती. तिचा बाप वारल्याचा निरोप आला त्या दिवशीही तिनं आधी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोन बांबू आणि सुतळी मोजून दिली आणि मग पिशवी भरली.

तिला तोंडाशी बसवलं होतं त्याचं कारण सगळ्या बिरादरीला माहीत होतं. बुरुडाच्या घरात पुरुषानं बांबू चिरायचा आणि बाईनं विणायचं. राजाबाईला विणता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण इतरजणी चार टोपल्या उतरवीत तोवर हिची एक होई आणि तीही एका बाजूला कललेली. 'धर्मराजची मंद बायको' असं तिला तोंडावर म्हणत. तिचंही तेच मत होतं.

त्याचं असं झालं. राजाबाई वाईकडची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा ती डावरी होती. आईविना वाढलेली पोर, बापानं हाताकडे लक्ष दिलं नव्हतं. सासरी पहिल्याच दिवशी ती सुपाला बसली आणि सासूनं, दुर्गाबाईनं, तिच्या हातातली पट्टी काढून घेतली. उजव्या हातानं विणलं की टोपलीच्या कडेचा पीळ एका अंगाला कलतो, डाव्यानं विणलं की दुसऱ्या. एवढाच काय तो फरक, टोपलीत ठेवलेल्या तांदळाला तो कळतसुद्धा नाही. पण दुर्गाबाईचा शब्द पक्का होता.

"उलट्या पिळाचं सूप नवरीच्या हातात जात नसतंय," ती म्हणाली. "सटवीच्या पूजेला जात नसतंय. गिऱ्हाईक परत आनून तोंडावर मारंल. आपल्या दुकानाचं नाव जाईल."

मग तिनं सुतळीनं सुनेचा डावा हात कमरेला बांधला. जेवायला सोडायची, विणायला बांधायची. आषाढात बांधला तो दिवाळीपर्यंत. दुर्गाबाई काही दुष्ट नव्हती. सुनेला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी बाई होती. पण जी शिकवण तिच्या सासूनं तिला दिली ती तिनं पुढे चालवली, आणि असली शिकवण पुढे चालवायला माणसाला कधी कंटाळा येत नाही. राजाबाई पहिलं वर्षभर रडली, दुसऱ्या वर्षी अधूनमधून रडली, आणि नंतर ते बंदच झालं. एक मुलगी झाली, वाढली, लग्न होऊन कराडला गेली. मुलीला निरोप देतानाही राजाबाईनं पदर डोळ्याला लावला तो कोरडाच.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते. एक दिवस दुकानापुढे रिक्षा थांबली आणि बदरुद्दीनशेठ उतरले. हे उरणच्या बाजूचे. बावीस वर्षं जहाजावर भंडारी म्हणून रांधलं, साऱ्या जगाची बंदरं पाहिली आणि आता वाशीत चिनी जेवणाचं हॉटेल काढत होते. त्या काळात चायनीजची गाडी दर नाक्यावर होती. लाल पाटी, लाल कोबी, लाल शेव आणि कढई हलवणारा नेपाळी. बदरुद्दीनशेठना त्या गाड्यांची चीड होती. त्यांना अस्सल चीन हवं होतं, भिंतींसकट.

त्यांनी पोत्यातून दोन टोपल्या काढल्या. माणसाच्या डोक्याएवढ्या, मागून सपाट, पुढून पोट सुटलेल्या. भिंतीला टांगायच्या. पांढऱ्या, गुळगुळीत, सोललेल्या काड्यांच्या. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो त्याच्या नात्यातलं झाड, त्याच्या डहाळ्या भिजवून तिकडचे लोक टोपल्या विणतात, असं शेठ म्हणाले. दोन्हींतली एक स्वच्छ होती. दुसरी बुरशीनं काळी पडली होती.

"एका गावातून आणल्या, धर्मराज. चाळीस जोड्या," शेठ म्हणाले. "ही दाराच्या उजव्या बाजूला, ही डाव्या. हिचा पीळ इकडे कलतो, तिचा तिकडे. दोघी एकमेकींकडे बघतात, समजलं? आता टेन्शन असं आहे की डाव्या सगळ्या एका खोक्यात होत्या आणि त्या खोक्यात पाणी गेलं. सडल्या यार, चाळीसच्या चाळीस. अठरा दिवसांनी ओपनिंग आहे. काड्या इथे मिळणार नाहीत, तू वेतात कर. पण एकदम सेम टू सेम पाहिजे."

"करतो की," धर्मराज म्हणाला. त्यानं मुंबईहून बारीक वेत आणला, भिजवला, सोलला आणि घाई म्हणून रीत बाजूला ठेवून आईबरोबर स्वतःही विणायला बसून सहा दिवसांत दहा टोपल्या उतरवल्या. काम देखणं झालं होतं. शेठ आले, त्यांनी एक टोपली स्वच्छ टोपलीशेजारी धरली, मग दुसरी धरली, मग दहाही बघितल्या.

"अरे, या सगळ्या उजव्याच आहेत!"

"व्हय," धर्मराज समाधानानं म्हणाला. "ती काळी हाय ना, ती चिन्यानं चुकून उलटी इनली व्हती. आमी सरळ करून दिली."

दुर्गाबाईनंही मान डोलावली. शुभकार्याच्या दाराशी उलटा पीळ टांगायचा म्हणजे काय, चिन्याला नसेल कळत, आपल्याला तर कळतं. शेठ आधी हसले. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"चूक सुधारायला कुणी सांगितलं होतं तुला? मी नक्कल मागितली होती!"

मग माय-लेकांनी उलटं विणायला घेतलं. चाळीस वर्षं एका बाजूला फिरलेला हात दुसऱ्या बाजूला फिरेना. तीन दिवसांत दोन टोपल्या झाल्या, दोन्ही पोटात ढिल्या, कडेला चिरलेल्या. शेठ पुन्हा आले तेव्हा त्या बघून खाली मोडक्या स्टुलावर बसले. रागावायचंही त्यांच्यात उरलं नव्हतं. नऊ दिवस राहिले होते.

"त्या गावात एक म्हातारी होती," ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. "डावरी. सगळ्या डाव्या टोपल्या तीच विणायची. काय मान होता तिचा! बाजूच्या गावातून लोक तिच्याकडे काम घेऊन यायचे. घरातले सगळे तिला आधी जेवायला वाढायचे, मी डोळ्यांनी पाहिलंय."

दुर्गाबाईनं वेताचा एक तुकडा उचलला आणि तो जणू आजच पाहिल्यासारखी निरखू लागली. धर्मराज खाली बघत राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "आमच्यात बी हाय एक डावरी."

राजाबाई त्या वेळी तोंडाशी होती. करंजाड्याहून आलेल्या दोघांना ती तिरडीचे बांबू काढून देत होती. तिनं ऐकलं. तिनं सुतळीची गाठ मारली, बांबू त्यांच्या खांद्यावर ठेवायला हात लावला, ते गेले, आणि ती वळली. तिघेही तिच्याकडे बघत होते.

"येईल का गं तुला?" धर्मराजनं विचारलं. बावीस वर्षांत त्यानं तिला काही येईल का असं प्रथमच विचारलं होतं.

"ठाव न्हाई," ती म्हणाली. ते खरंच होतं. एवढं मात्र तिला स्वच्छ दिसत होतं की उजवा हात वाईट आहे हे सिद्ध झालेलं आहे. आता डावाही वाईट निघाला, तर आपण कशाच्याच कामाच्या नाही यावर शिक्का बसेल. तिला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. गावचा पत्ता वाचावा तसं तिनं ते मनात वाचलं आणि ती आत जाऊन बसली.

पहिला दिवस तिनं विणलं नाही. ती काळी, सडकी टोपली मांडीवर घेऊन उसवत बसली. शेवटची ओळ आधी, मग तिच्या आतली, मग तिच्या आतली. दुर्गाबाई दोनदा येऊन म्हणाली, "अगं, दिस चाललाय." राजाबाईनं ऐकलं नाही. प्रत्येक ओळीत काडी संपते तिथं दुसरी जोडलेली होती आणि तिचं टोक आत दाबलेलं होतं. ते नेमकं अशा जागी होतं की डाव्या हाताचा अंगठाच तिथं पोचेल. तिनं आपला अंगठा त्या जागी ठेवला. बरोबर बसला. खालून पाचव्या ओळीत मात्र त्या म्हातारीनं एक काडी आखूड घेतली होती, मग बहुधा तिच्या लक्षात आलं, आणि तिनं मध्येच दुसरी घुसवून वेळ मारून नेली होती. कुणी हाक मारली असेल, चुलीवर काही उतू गेलं असेल. राजाबाईला ती बाई क्षणभर समोर बसल्यासारखी वाटली. तिचा हात कुणी बांधला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वेत डाव्या हातात घेतला. पहिली टोपली दुपारपर्यंत चालली. दुसरी चहाच्या वेळेला झाली. तिसरी करताना ती हाताकडे बघतही नव्हती. वेत आपोआप उभ्या काड्यांच्या मागे जाई, पुढे येई, पीळ बसे, अंगठा टोक आत सारी. चौथ्या दिवसापासून ती दिवसाला सहा टोपल्या उतरवू लागली. एवढ्या तर दुर्गाबाईच्या भरात असतानाही होत नव्हत्या. त्यांचं पोट गोल, कड घट्ट, आणि शेजारी उजवी धरली की दोघी खरोखरच एकमेकींकडे बघायच्या.

दुर्गाबाई बराच वेळ उभी राहून बघत असे. शेवटी तिला काहीतरी बोलणं भाग होतं.

"मी म्हनतच व्हते," ती म्हणाली. "हाताला वळन लागायला येळ लागतोय."

बावीस वर्षं म्हणजे तशी फार नव्हेत, नाही का. राजाबाईनं वर पाहिलं नाही. ती मंद नव्हती, कधीच नव्हती, हे आता तिला कळलं होतं. खरं तर आनंद व्हायला हवा. ती आत चाचपून बघत होती, पण आनंद काही सापडेना. उलट हात जसजसा जलद चालू लागला तसतशी ती मागे जात होती. या वर्षी किती झाल्या असत्या, त्याच्या मागच्या वर्षी किती, मुलगी पोटात होती तेव्हा किती. टोपल्या विणता विणता न विणलेल्या टोपल्यांचा ढीग वाढत होता.

चाळिसावी टोपली ओपनिंगच्या आदल्या दिवशी दुपारी गेली. शेठ स्वतः न्यायला आले होते. त्यांनी एक टोपली उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "बाई, खुदा कसम, त्या म्हातारीपेक्षा तुमचा हात साफ आहे. उद्या सगळे जेवायला या." राजाबाई 'हं' म्हणाली. दुसऱ्या दिवशी धर्मराज एकटाच गेला आणि येऊन म्हणाला, नूडल ओल्या सुतळीसारख्या लागतात, पण भिंत झकास दिसतेय.

तिथंच हे संपलं असतं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि सुपं-दुरड्यांचे दिवस आले. दुर्गाबाईनं सुनेपुढे बांबूच्या पट्ट्या ठेवल्या आणि सरळ सांगितलं, "चिन्याचं झालं. आता लगीनसराई हाय. उजव्यानं इन. न्हाईतर गिऱ्हाईक परत आनंल."

"आनू द्या," राजाबाई म्हणाली.

सासूला तिनं आजवर कधी उत्तर दिलं नव्हतं. दुर्गाबाई ऐकून थक्क झाली. तिनं लेकाकडे पाहिलं. धर्मराजनं बायकोनं सकाळपासून डाव्यानं विणून रचलेली सुपं पाहिली, आणि सकाळचे अजून दहाच वाजले होते हेही पाहिलं. त्याचं उलट्या पिळाबद्दलचं मत काही बदललं नव्हतं, पण मतानं सुपं होत नाहीत. तो कोयता घेऊन बांबू चिरायला मागे निघून गेला.

दुर्गाबाई मग रागानं स्वतःच दुकानाच्या तोंडाशी जाऊन बसली. बघतेच म्हणाली. पहिलं गिऱ्हाईक ऐरोलीच्या सोसायटीतलं आलं. मुलीचं लग्न होतं, पाच सुपं आणि दोन दुरड्या हव्या होत्या. दुर्गाबाईनं सगळा माल पुढे ठेवला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "ताई, नीट बघून घ्या हां. मागनं म्हनू नका. पीळ उलटा हाय."

"कसला पीळ?"

दुर्गाबाईनं कडेवरून बोट फिरवून दाखवलं. असा असतो, आणि हा असा आहे. त्या बाईनं चष्मा वर करून पाहिलं, तिला काही दिसलं नाही.

"अहो आजी, त्यात काय एवढं? आम्ही सोनेरी कागद चिकटवून लेस लावणार आहोत. जरा धुळीचे नका देऊ म्हणजे झालं."

ती सुपं घेऊन गेली. दुर्गाबाई बोट तसंच धरून बसली होती. मग नेरुळचे आले, मग जुईनगरचेच चार-पाच, मग पनवेलकडचं एक मोठं वऱ्हाड. दुर्गाबाईनं दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं, चौथ्याला सांगताना तिचा आवाज बारीक झाला. आठवड्याभरानं तिनं सांगणं सोडलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन पडून राहू लागली. तिला कुणी काही बोललं नाही. पण ज्या भीतीवर तिची सासू जगली, ती स्वतः जगली, ती भीती कुणाच्या गावीच नव्हती, हे त्या वयात पचवणं काही सोपं नाही.

राजाबाई मात्र वाट बघत होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मार्गशीर्ष गेला, पौष रिकामा गेला, माघात पुन्हा सुपं उचलली गेली. ती विणत होती आणि रस्त्याकडे बघत होती. एकानं, अख्ख्या लगीनसराईत फक्त एकानं, सूप परत आणावं. नवरीच्या आजीनं म्हणावं, हा पीळ चालत नाही. तोंडावर मारावं. मग त्या सुतळीला काही कारण होतं असं झालं असतं. सासूचं म्हणणं खरं होतं, हात बांधणं भाग होतं, असं धरून उरलेलं आयुष्य काढता आलं असतं.

फाल्गुनात एका दुपारी एक बाई आली. तिच्या हातात उलट्या पिळाची दुरडी होती. राजाबाईनं ती लांबूनच ओळखली. ती हातातलं काम टाकून उठून उभी राहिली. तिचं काळीज धडधडत होतं. किती वर्षांनी असं धडधडलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

"परत आनलीसा?" तिनं विचारलं.

"नाही हो," ती बाई म्हणाली. "अशीच अजून एक पाहिजे. लग्नात माझ्या नणंदेला फार आवडली. माप कळावं म्हणून आणली दाखवायला."

राजाबाईनं एक दुरडी काढली, पुसली, दिली. बाई रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती उभी होती. मग ती खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. तोंडात पदर कोंबूनही आवाज थांबेना. समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला. मागून धर्मराज कोयता घेऊन धावत आला, पाठोपाठ भिंत धरत दुर्गाबाई.

"काय झालं? अगं, काय झालं?" धर्मराज तिच्यापुढे उकिडवा बसला. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, माणसं पाहिली, मग त्याला काहीतरी सुचलं. "परत केली का कुनी?"

"न्हाई," राजाबाई म्हणाली. तिनं दारात उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं. "कुनीच न्हाई केली, आत्या. एकानं बी न्हाई."